विश्लेषण : कोळसा संपण्याआधीच त्याचे युग संपणार? चंद्रपूर ते धोंदलगाव… महाराष्ट्राच्या विजेचे गणित काय सांगते?

भारताच्या जमिनीखाली अजून अनेक दशके पुरेल इतका कोळसा आहे. तरीही तो टप्प्याटप्प्याने सोडावा लागणार आहे. हे का, त्याची जागा कोण घेणार आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागणार, याविषयी…

‘पेट्रोल आणखी पन्नास वर्षांत संपणार’, ‘कोळसा शंभर वर्षे पुरेल’ ही वाक्ये आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे ऊर्जेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘साठा किती उरला?’ असाच असतो. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मागे पडला आहे. साठा संपण्याच्या खूप आधी तो जाळण्याची मुभा संपेल, असे हवामानाचे गणित सांगते.

महाराष्ट्राला हे गणित दोन टोकांनी भिडते. एका टोकाला चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आणि त्याच्या आजूबाजूच्या खाणी आहेत. दुसऱ्या टोकाला, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी आहे. कोळशाकडून सूर्याकडे जाण्याच्या या प्रवासात पहिल्याचे काहीतरी जाणार आहे आणि दुसऱ्याला काहीतरी मिळणार आहे.

कोळसा खरोखर संपत आला आहे का?

नाही. भारतातील कोळशाचा भूगर्भीय साठा सुमारे ३८,९०० कोटी टन असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यातील २०,००० कोटी टनांहून अधिक साठा प्रत्यक्ष मोजलेला, म्हणजे ‘सिद्ध’ गटात मोडतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाचे कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. सिद्ध साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागले तर उत्तर २०० वर्षे येते.

हे उत्तर जसेच्या तसे घेता येत नाही. बराच कोळसा खूप खोल आहे, काही जंगलांखाली आणि वस्त्यांखाली आहे, काही काढण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे. हे सगळे वजा केले तरी काही दशकांची बेगमी नक्की उरते. म्हणजे आपल्या हयातीत कोळशाच्या खाणी कोरड्या पडतील, अशी शक्यता कमी.

ही भीती नवी नाही. ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात, देशाची भरभराट ज्यावर उभी आहे तो स्वस्त कोळसा फार काळ टिकणार नाही, असा इशारा दिला होता. ब्रिटनचे कोळसा उत्पादन १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टनांवर पोहोचले आणि तिथून उतरत गेले. पण ब्रिटनने कोळशाच्या विजेला निरोप दिला तो खाण रिकामी झाली म्हणून नव्हे. सार्वजनिक वापरासाठी कोळशावर वीज बनवायला ज्या देशात १८८२ मध्ये सुरुवात झाली, तिथले शेवटचे कोळसा वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. जमिनीखाली कोळसा तेव्हाही होता.

मग तेलाचे काय? मुंबई हाय काय शिकवते?

तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि त्याचे उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई हाय दिवसाला साडेचार लाख पिंपांहून अधिक तेल देत होते. अलीकडच्या काळात हा आकडा सुमारे १ लाख ३५ हजार पिंपांवर आला आहे. उतरती कळा थांबवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली.

तेलविहीर पाण्याच्या टाकीसारखी शेवटच्या थेंबापर्यंत सारख्या धारेने वाहत नाही. सुरुवातीला खडकातल्या दाबामुळे तेल आपोआप वर येते. दाब घटला की पाणी किंवा वायू आत ढकलून तेल बाहेर काढावे लागते. दर पिंपामागे खर्च वाढतो, तेलाबरोबर येणारे पाणी वाढते आणि उत्पादन उतरते. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये याच तर्काने, अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७०च्या दरम्यान शिखर गाठेल असे सांगितले. १९७० मध्ये ते शिखर आलेही. पण २०१८ मध्ये शेल खडक फोडून तेल काढण्याच्या तंत्राने अमेरिकेने तो जुना उच्चांक ओलांडला.

यातून दोन गोष्टी दिसतात. एखादे क्षेत्र म्हातारे होते, हे खरे. पण भाव चढला की नवे तंत्र येते आणि ‘संपले’ म्हटलेला साठा पुन्हा वाढतो. त्यामुळे ‘आपोआप संपेल, मग बदलू’ या भरवशावर बसणे धोक्याचे. भारतापुढचा तेलाचा प्रश्न तर आणखी जवळचा आहे. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. आखातात ठिणगी पडली की तिची झळ इथल्या पंपावर लागते, ती यामुळेच.

साठा भरपूर आहे, मग अडचण कुठे आहे?

अडचण जमिनीखाली नाही, वर हवेत आहे. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना हवेतले प्राणवायूचे दोन अणू जोडून घेतो. त्यामुळे १२ किलो कार्बनमधून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असूनही, एक किलो कोळसा जाळला की साधारण १.४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेत शेकडो वर्षे टिकतो.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ मध्ये ते ४२४च्या वर गेले. त्याच वर्षी जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने जास्त नोंदवले गेले. दीड अंशाची रेषा ओलांडणारे ते पहिले पूर्ण वर्ष.

आता एक साधा हिशेब. भारताचा फक्त सिद्ध साठा, म्हणजे २०,००० कोटी टन कोळसा पूर्ण जाळला, तर साधारण २८,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड तयार होईल. सगळ्या जगाचे कोळसा, तेल आणि वायूपासूनचे उत्सर्जन सध्या वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन आहे. म्हणजे एकट्या भारताचा कोळसा हा जगाच्या साडेसात वर्षांच्या उत्सर्जनाइतका आहे. अमेरिका, रशिया, चीन, ऑस्ट्रेलिया यांचे साठे वेगळेच. यातले सगळे जाळले तर दोन अंशांची मर्यादाही राखता येणार नाही. खाण रिकामी होण्याआधी हवेतली जागा भरते, ती अशी.

इथे न्यायाचा मुद्दा येतोच. भारताचे एकूण उत्सर्जन जगात तिसऱ्या क्रमांकाचे असले, तरी दरडोई ते वर्षाला सुमारे २ टन आहे. अमेरिकेचे दरडोई सुमारे १४ टन. आधी ज्यांनी जागा भरली त्यांनी आधी आवरावे, ही भारताची भूमिका रास्त आहे. पण उष्णतेची लाट दरडोई उत्सर्जन पाहून येत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात काम करणाऱ्या मजुराला या युक्तिवादाचा गारवा मिळत नाही.

चंद्रपूरच्या केंद्राचे एका दिवसाचे गणित काय?

महानिर्मितीच्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ५०० मेगावॉटचे पाच आणि २१० मेगावॉटचे दोन संच. हे केंद्र सरासरी ७० टक्के भाराने चालले असे धरू. मग दिवसाला सुमारे ४.९ कोटी युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला जवळपास ३४ हजार टन कोळसा लागतो. मालगाडीची एक रेक सुमारे चार हजार टन कोळसा वाहते. म्हणजे रोज आठ ते नऊ रेक भरून कोळसा.

त्यातून मिळते काय? वीज मिळतेच. शिवाय दिवसाला १० हजार टनांहून अधिक राख आणि ४५ हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा हिशेब वेगळा. युनिटमागे तीन लिटर धरले तरी दिवसाला सुमारे १५ कोटी लिटर पाणी. हे पाणी इरई धरणातून येते आणि त्याच धरणावर चंद्रपूर शहराचीही तहान भागते.

साठा असूनही टंचाई का होते?

कारण जमिनीखालचा कोळसा आणि बॉयलरच्या तोंडाशी असलेला कोळसा यांत पाऊस, रेल्वे आणि पैसा उभा असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये खाणींत पाणी साचले, करोनानंतर विजेची मागणी एकदम वाढली आणि देशभरातील अनेक केंद्रांकडे मोजक्या दिवसांचाच कोळसा उरला. सहा महिन्यांनी, २०२२ मध्ये, १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च आला. पंखे आणि वातानुकूलन यंत्रांची मागणी वाढली. कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. महाराष्ट्रातही भारनियमनाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

परळीचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०१३च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते. पाणी नव्हते. औष्णिक वीज ‘हवामानावर अवलंबून नसते’ असे म्हटले जाते, ते पूर्ण खरे नाही. उन्हाळा जितका कडक, तितकी मागणी जास्त आणि पाणी कमी.

सौरऊर्जा कोळशाची जागा घेऊ शकते का?

दराच्या बाबतीत तिने ती घेतली आहे. २०१०-११ च्या सुमारास भारतात मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांत युनिटला ११ ते १२ रुपयांचे दर येत होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे २ रुपये ४४ पैसे दर आला. २०२० च्या अखेरीस गुजरातमधील एका निविदेत तो २ रुपयांच्याही खाली गेला. पुढे कर आणि व्याजदरांमुळे तो थोडा वाढला. तरीही नव्या औष्णिक केंद्राच्या विजेपेक्षा दिवसाची सौर वीज स्वस्त पडते.

पण ‘मेगावॉट’ हा शब्द फसवा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या सुमारे ४८५ गिगावॉट स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म, म्हणजे सौर, पवन, जल आणि अणुऊर्जेची आहे. २०३० चे हे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले. ही मोठी कामगिरी आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे.

हे कसे? क्षमता म्हणजे गाडीचा कमाल वेग आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष कापलेले अंतर. सौर पॅनेल रात्री बंद, सकाळ-संध्याकाळी मंद आणि पावसाळ्यात सुस्त असते. वर्षभराची सरासरी काढली तर महाराष्ट्रात ते क्षमतेच्या साधारण १९ टक्के वीज देते. म्हणून १,००० मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सुमारे १६६ कोटी युनिट देतो, तर ७० टक्के भाराने चालणारे तेवढेच औष्णिक केंद्र सुमारे ६१३ कोटी युनिट.

आता हा हिशेब चंद्रपूरला लावू. त्या केंद्राइतकी वीज वर्षभरात सूर्यापासून मिळवायची तर साधारण १०,८०० मेगावॉटचे पॅनेल लागतील. मेगावॉटमागे चार एकर धरले तर ४३ हजार एकर जमीन. हे अशक्य नाही, पण एका जागी इतकी जमीन मिळणे महाराष्ट्रात कठीण आहे. शिवाय ही सगळी वीज दिवसा मिळेल आणि दिवे रात्री लागतात.

धोंदलगावात काय झाले?

जमिनीच्या अडचणीवरचा एक तोडगा महाराष्ट्राने शोधला आहे. एकाच ठिकाणी महाकाय प्रकल्प उभारण्याऐवजी गावोगावच्या वीज उपकेंद्राजवळ छोटे प्रकल्प उभारायचे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातील पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे सुरू झाला. क्षमता अवघी ३ मेगावॉट.

आकडा छोटा, पण कल्पना महत्त्वाची. महावितरणच्या ग्राहकांपैकी कृषी ग्राहक साधारण १६ टक्के आहेत, पण एकूण वीज वापरात त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. ही वीज आजवर चक्राकार पद्धतीने मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला अंधारात बांधावर जावे लागते. साप, विंचू, जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात बिबट्या, ओल्या जमिनीत उघडी पडलेली वायर… ही जोखीम ग्रामीण महाराष्ट्रातल्या घराघराला ठाऊक आहे. ‘आम्हाला फुकट नको, दिवसा वीज द्या’ ही मागणी त्यातूनच आली.

सूर्य आणि सिंचन यांचे वेळापत्रक नेमके जुळते. पाणी दिवसा दिले तर चालते, किंबहुना तेच हवे असते. त्यामुळे या योजनेत महागडी बॅटरी लागत नाही. उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत प्रकल्प असल्याने वीज दूरवरून वाहून आणावी लागत नाही आणि वाटेतली गळती कमी होते. वीज साधारण तीन रुपये युनिट दराने मिळते. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, अशी तरतूद आहे. राज्याने या योजनेचे उद्दिष्ट वाढवत १६ हजार मेगावॉटपर्यंत नेले आहे.

याचा दुसरा फायदा शहरी ग्राहकाला कळायला हवा. शेतीची वीज स्वस्त देण्यासाठी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून जास्त दर घेतला जातो, शिवाय सरकार अनुदान देते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांचे बिल सरकार भरते आहे. शेतीची वीज तीन रुपयांत मिळू लागली तर हा बोजा हलका होतो. पण उद्दिष्ट जाहीर होणे आणि आपल्या फिडरवर दिवसा वीज येणे यांत जमिनीचे मोजमाप, उपकेंद्राची क्षमता, रोहित्रांची दुरुस्ती आणि कंत्राटदाराचा वेग हे सगळे येते. योजनेचे खरे मोजमाप ‘किती मेगावॉट मंजूर’ यावर नाही, ‘किती गावांची रात्रपाळी बंद झाली’ यावर व्हायला हवे.

सूर्य मावळल्यावर काय?

ऊर्जा संक्रमणातला सर्वांत अवघड तास दुपारचा नाही, संध्याकाळी सात ते दहाचा आहे. दुपारी वीज मुबलक असते. सायंकाळी सौर वीज झपाट्याने शून्यावर येते आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. ही दरी भरायला आज मुख्यतः कोळसा आणि जलविद्युत वापरली जाते. औष्णिक संच मात्र स्कूटरसारखा चालू-बंद करता येत नाही. थंड बॉयलर तापवायला अनेक तास लागतात. म्हणून दुपारी गरज नसतानाही हे संच निम्म्या भारावर धुमसत ठेवावे लागतात.

उपाय साठवणुकीचा आहे आणि त्यात सह्याद्री महाराष्ट्राच्या बाजूने आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालतो. एक जलाशय घाटमाथ्यावर, दुसरा खाली कोकणच्या बाजूला. वीज स्वस्त असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, वीज हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचे. १०० युनिट खर्च करून ७५ ते ८० युनिट परत मिळतात. तोटा होतो, पण दुपारची वाया जाणारी वीज रात्री कामाला येते. टाटा पॉवरचा भिरा येथील १५० मेगावॉटचा संचही याच तत्त्वावर चालतो. भिवपुरी आणि शिरवता येथे त्याहून मोठे प्रकल्प उभारण्याचे नियोजन आहे. अर्थात घाटमाथ्याचे जंगल, विस्थापन आणि भूस्खलनाचा धोका यांचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा मांडावा लागेल.

दुसरा पर्याय बॅटरीचा. २०२२ मध्ये देशातील मोठ्या बॅटरी साठवणुकीच्या निविदेत मेगावॉटमागे महिन्याला १० लाख रुपयांहून अधिक दर आला होता. २०२५ पर्यंत काही निविदांत तो दोन ते अडीच लाखांच्या घरात आला. सौर पॅनेलच्या किमतीचे जे २०१० नंतर झाले, तेच बॅटरीचे होताना दिसते आहे. मात्र बॅटरी दोन-चार तासांची सोय करते. पावसाळ्यात सलग आठ दिवस ढग राहिले तर ती पुरत नाही. तिथे वारा, जलविद्युत, अणुऊर्जा आणि काही काळ तरी कोळसा लागणारच.

अणुऊर्जेचे पर्व येईल का?

महाराष्ट्रातील तारापूर हे देशातले पहिले अणुवीज केंद्र, १९६९ पासूनचे. तिथल्या चार संचांची क्षमता १,४०० मेगावॉट. अणुवीज दिवसरात्र मिळते, कार्बन सोडत नाही आणि जमीन कमी घेते. केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण ९,९०० मेगावॉटच्या जैतापूर प्रकल्पाचा अनुभव पाहता, खर्च, तंत्रज्ञानाचा करार आणि स्थानिकांचा विरोध यांत वर्षे जातात. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांचा मुख्य भार तिच्यावर टाकता येणार नाही.

मग कोळसा लगेच बंद होणार का?

मुळीच नाही. भारताचे नेट झिरोचे, म्हणजे जितके उत्सर्जन तितकेच शोषण करण्याचे वर्ष २०७० आहे. विजेची मागणी वाढतेच आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली, तो तेव्हाचा विक्रम होता. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये दीर्घकालीन वीज खरेदीसाठी ६,६०० मेगावॉटचा जो निर्णय घेतला, त्यात ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट औष्णिक असे दोन्ही एकत्र होते. कोळशाची भूमिका घरातल्या एकमेव कमावत्यासारखी होती. आता ती गरजेला धावून येणाऱ्या ज्येष्ठ सदस्यासारखी होत जाईल, असे दिसते.

इथे एक धोका आहे. औष्णिक केंद्राचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे. आज बांधलेले केंद्र २०६० पर्यंत चालवावे लागेल, नाहीतर त्याचे कर्ज बुडेल. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरावा लागतो आणि तो शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतो. म्हणून नवा कोळसा प्रकल्प किती आणि कशासाठी, हा प्रश्न पर्यावरणाइतकाच खिशाचाही आहे.

चंद्रपूरच्या कामगारांचे काय?

या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न हा आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, वणी या पट्ट्याची अर्थव्यवस्था कोळशाभोवती फिरते. कायम कामगारांना निवृत्तिवेतन आणि बदलीचा पर्याय असतो. कंत्राटी मजूर, ट्रकचालक, राख वाहणारे, गॅरेजवाले, खानावळ चालवणारी बाई यांची नावे कोणत्याही वेतनपटावर नसतात. धूळ, तापमान आणि खाणीत गेलेली शेती यांचा सर्वाधिक त्रास याच लोकांनी सोसला. कोळसा गेला तर रोजगारही आधी यांचाच जाणार.

जगाने याची दोन रूपे पाहिली आहेत. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपानंतर खाणी भराभर बंद झाल्या आणि अनेक खाणगावे पुढची कित्येक वर्षे सावरली नाहीत. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून कोळसा सोडण्याची शेवटची मुदत २०३८ ठरवली आणि कोळसा पट्ट्यांसाठी ४,००० कोटी युरोची तरतूद केली. आपल्याकडे जर्मनीइतका पैसा नाही, पण एक साधन आहे. २०१५ पासून खाणग्रस्त जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधी जमा होतो. तो रस्ते आणि इमारतींबरोबरच तरुणांच्या प्रशिक्षणावर, बंद खाणींच्या जमिनी सुधारण्यावर आणि नव्या उद्योगांवर आतापासून खर्च झाला, तर शेवटची रेक निघेल तेव्हा हात रिकामे नसतील. केंद्राकडे वीजवाहिन्या, उपकेंद्र आणि जमीन तयारच असते. तिथेच बॅटरी साठवणूक किंवा सौर प्रकल्प उभारण्याचा पर्याय त्यामुळे सोपा पडतो. पण सौर प्रकल्प एकदा उभा राहिला की त्याला खाणीइतकी माणसे लागत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे.

आपल्या घराशी याचा संबंध काय?

महिन्याला १०० युनिट वापरणारे घर जवळपास ५० किलो कोळसा जाळते, कारण ग्रीडमधल्या विजेचा सुमारे ७० टक्के भाग कोळशाचा असतो. छतावर एक किलोवॉटचे पॅनेल साधारण १०० चौरस फूट जागा घेते आणि महिन्याला सरासरी १२० युनिट देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. स्वतःचे छत नसलेल्या चाळीतल्या आणि फ्लॅटमधल्या ग्राहकाला याचा लाभ घेणे अवघड जाते, ही योजनेची मर्यादा आहे.

ज्यांना पॅनेल लावता येत नाही, त्यांच्यासाठी वेळ हे साधन आहे. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार, दुचाकीचे चार्जिंग ही कामे सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत केली तर त्यांना सूर्याची वीज पुरते. तीच रात्री केली तर कोळशाची लागते. या वेळेतला दर कमी ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात सुरू झाली आहे आणि पुढे ती वाढत जाईल, अशी चिन्हे आहेत.

पुढे कशावर लक्ष ठेवावे?

तीन गोष्टींवर. पहिली, नव्या सौर क्षमतेबरोबर साठवणूक किती वाढते. फक्त पॅनेल वाढत गेले तर दुपारी वीज फेकून द्यावी लागेल आणि रात्री कोळसा जाळावाच लागेल. दुसरी, कृषी वाहिन्यांचे काम जाहीर केलेल्या वेगाने होते का. तिसरी, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांसाठी लेखी, मुदतीचा आणि पैशांची तरतूद असलेला आराखडा कधी येतो.

कोळसा संपण्याची वाट पाहिली तर तो संपणार नाही, आणि तोवर हवामान थांबणार नाही. बदल ठरवूनच करावा लागेल. तो ठरवून झाला तर वैजापूरच्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल आणि घुग्घुसच्या ट्रकचालकाला दुसरे काम शोधायला वेळ मिळेल. ठरवून झाला नाही, तर २०२२ च्या उन्हाळ्यासारखी धावपळ पुन्हा होईल आणि तिची किंमत याच दोघांना आधी मोजावी लागेल.